घडाचं वजन, दांड्यासकट

परीक्षकांचा शेरा आठ ओळींचा होता आणि माझा प्रबंध एकशे दहा पानांचा. त्या आठ ओळींनी एकशे दहा पानं परत पाठवली. नापास केलेलं नव्हतं. ‘स्पष्टीकरण करून पुन्हा सादर करावा’ असं होतं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या आठ ओळी मला एका वाचनात समजल्या होत्या, आणि माझी एकशे दहा पानं वाचून त्यांना मुद्द्याचं काहीच समजलं नव्हतं. दोन्हीकडे इंग्रजीच.

साठचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. मुलांना सूक्ष्मदर्शक लावून द्यायचे, काचपट्ट्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, हे काम. नवरा धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत गणित शिकवत होता. दोन मुली आणि सासूबाई त्याच्याजवळ. मी जळगावला एका खोलीत. शनिवारी दुपारच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळं गाठायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचं. पाच वर्षं हे चाललं होतं. लोक विचारायचे, त्रास होत नाही का? होतो. पण पगार दोन लागत होते आणि नोकऱ्या दोन गावांत होत्या. यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं.

त्या जूनमध्ये मात्र देवपुरातल्याच एका महाविद्यालयात लेक्चररची जागा निघणार होती. तिथल्या प्राचार्यांनी माझ्या नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, “मुलाखतीच्या दिवशी एम.एस्सी. हातात असू द्या, बाकीचं आम्ही बघतो.” माझी एम.एस्सी. प्रबंध लिहून व्हायची होती. शेरा आला मार्चच्या सुरुवातीला. म्हणजे हातात तीन महिने होते. तेवढ्यात प्रबंध दुरुस्त होऊन मंजूर झाला तर मी घरी. नाही तर एसटी.

प्रबंधाचा विषय सोपा होता. केळीचा घड झाडावर असतानाच, तो न कापता, त्याचं वजन किती भरेल ते काढायचं. बागाईतदाराला याचा उपयोग आहे. व्यापारी बागेत येऊन नजरेने अंदाज सांगतो. त्याआधी आपला अंदाज आपल्याजवळ असलेला बरा. आमची रीत अशी होती: घडावरची सगळी केळी मोजायची. वरून दुसऱ्या फणीतलं मधलं केळ धरायचं. त्याची लांबी बाहेरच्या वाकाने टेप लावून घ्यायची आणि बरोबर मधोमध त्याचा घेर घ्यायचा. घेराला घेरानेच गुणायचं, मग लांबीने, मग केळ्यांच्या संख्येने, आणि शेवटी एका ठरलेल्या आकड्याने. आलं वजन. तो ठरलेला आकडा शोधून काढणं म्हणजे माझं संशोधन. त्यासाठी दोन ठिकाणचे घड आधी झाडावर मोजले होते आणि कापल्यावर तोलले होते. थोडे कॉलेजच्या मळ्यातले, बरेचसे फैजपूरच्या एका बागेतले.

हे सगळं मी मराठीत कुणालाही दोन मिनिटांत सांगत असे. इंग्रजीत, सरांच्या देखरेखीखाली, त्याला दीड पान लागलं आणि तरी ते सांगून झालं नाही.

माझे मार्गदर्शक सर मनाने वाईट नव्हते. पण शास्त्रीय इंग्रजीबद्दल त्यांच्या काही ठाम समजुती होत्या. वाक्याची सुरुवात ‘इट इज इंटरेस्टिंग टू नोट दॅट’ अशी झाली की त्यांना हायसं वाटे. वाक्यात माणूस दिसता कामा नये, हात दिसता कामा नये, आणि शक्य तर वस्तूही दिसता कामा नये. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं की मोजमाप शिंप्याच्या कापडी टेपने घेतलं. सरांनी लाल पेन्सिल उचलली.

“शिंपी कशाला आणलात प्रबंधात?”

“टेप त्याचीच आहे सर.”

“असेल. लिहा, सुयोग्य साधनाने.”

वरून दुसऱ्या फणीतलं मधलं केळ गेलं आणि त्या जागी ‘प्रातिनिधिक फळ’ आलं. बाहेरचा वाक गेला, नुसती ‘लांबी’ उरली. सेंटिमीटर आणि किलो हे शब्द त्यांना बाजारचे वाटत असावेत, तेही गळाले. मी म्हटलं, निदान सूत्राखाली कुठलं अक्षर कशासाठी हे तरी लिहू. त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे एक वाक्य घातलं. त्याचा अर्थ, चिन्हांचे अर्थ नेहमीचेच आहेत.

नेहमीचे? ते सूत्र जगात पहिल्यांदा मीच मांडत होते. त्यातल्या अक्षरांना नेहमीचा अर्थ कुठून येणार? मी हे मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायला हवं होतं.

सूत्राची आणखी एक गंमत होती. प्रबंध टाइप केला तो कोर्टाजवळ बसणाऱ्या एका टायपिस्टने. त्याचा सगळा धंदा अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांचा. त्याच्या यंत्रावर वर्गाचा छोटा दोन नव्हता. सूत्र आलं की तो कोरी जागा सोडून पुढे जाई. म्हणे, “ताई, ते तुमचं नक्षीकाम तुम्ही करून घ्या.” मग मी काळ्या शाईने पाचही प्रतींत सूत्रं भरत बसले. आजूबाजूचा मजकूर यंत्राचा, मधे माझं अक्षर. दोघांची ओळख नसावी असं ते पान दिसत होतं, आणि खरोखर नव्हतीच.

परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं होतं. चार प्रश्न होते. लांबी कुठल्या बाजूने, आतल्या की बाहेरच्या, आणि देठ धरून की सोडून? प्रातिनिधिक फळ कोणतं, आणि ते कोण ठरवतं? शेवटचा आकडा सेंटिमीटर-किलोसाठी आहे की इंच-पौंडांसाठी? आणि घडाचं वजन दांड्यासकट की दांड्याशिवाय, आणि ते कुणी, कुठे आणि कधी घेतलं?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी त्याच संध्याकाळी लिहून टाकली. वीस मिनिटं लागली. चौथ्याला मी ‘दांड्यासकट’ असं लिहिलं आणि पुढच्या ‘कुणी’ या शब्दाशी थांबले. कॉलेजच्या मळ्यातले घड मी स्वतः तोलले होते. फैजपूरला तसं जमलं नव्हतं. झाडावरची मापं मी जाऊन घेत असे, प्रत्येक घडाला नंबराची चिठ्ठी बांधत असे. पण तोड व्हायची तेव्हा माझी प्रात्यक्षिकं असत. म्हणून मी तिथल्या मापाड्याजवळ एक वही ठेवली होती. एका रकान्यात चिठ्ठीचा नंबर, दुसऱ्यात वजन. म्हातारा माणूस, सगळं गाव त्याला आबा म्हणे. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. मी त्या वहीवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

आणि एक खटकणारी गोष्ट पहिल्यापासून होती. फैजपूरचे घड सूत्रापेक्षा नेमाने हलके भरत होते. कॉलेजच्या मळ्यातले बरोबर. सरांना यात मोठा आनंद झाला होता. फैजपूरकडच्या जमिनीत चुना जास्त, त्यामुळे फळाची घनता कमी, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्यावर सव्वातीन पानं लिहिली. प्रबंधातला तोच भाग त्यांचा लाडका होता. डिसेंबरच्या परिषदेत सर तो वाचणार होते.

मी एक रजा टाकली आणि फैजपूरला गेले.

आबा बागेच्या तोंडाशी काट्याजवळ बसले होते. तीन बांबूंची घोडी, तिला टांगलेला मोठा काटा, शेजारी घडांची रास. दोघंतिघं मजूर पानं अंथरत होते. मी वही उघडून समोर धरली.

“आबा, हे वजन दांड्यासकटचं आहे ना?”

“दांड्याचं वजन कोन्ही धरते का बाई?”

“म्हणजे?”

“म्हंजे दांडा सोडून.”

“पण तुम्ही दांडा कापून थोडाच तोलता? घड तर अख्खा चढतो काट्यावर.”

“चढते अख्खाच. मंग दांडा वजा करतो अन् मांडतो. व्यापारी दांडा खाते का?”

मजूर हसले. मी हसले नाही. “किती वजा करता?”

“जसा दांडा तसं. जाड असला त किलो, सव्वा किलो. बारीक असला त कमी.”

“ते मोजता कशावर?”

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं वय विचारलं. “नजर हाये ना.”

“मग मला सांगितलं का नाही तुम्ही?”

“तुमी इचारलं काबरं नही? वजन मांडून ठेवा म्हने. मांडलं. तीस वर्सं झाली, असंच मांडतो. तुमी कालेजातल्या, तुमाले ठाऊक असंल म्हनलं.”

मी वही मिटली. ह्या भागात मापाडी वजन सांगतो ते दांडा सोडूनच सांगतो. बागाईतदाराला माहीत, व्यापाऱ्याला माहीत, घड वाहणाऱ्या मजुराला माहीत. इतकं माहीत की कुणी ते बोलतही नाही. नुसतं एक ठरावीक वजन वजा केलेलं असतं तर मी घरी बसून ते परत मिळवलं असतं. पण आबा प्रत्येक दांड्याकडे बघून वजा करत आले होते. ते परत मिळवायचं कसं? दांडे कधीच उकिरड्यावर गेले होते.

म्हणजे फैजपूरची वही माझ्या कामाची नव्हती. आणि जमिनीतल्या चुन्याचा शोध हा आबांच्या नजरेचा शोध होता.

परतीच्या बसमध्ये मी सरांवर रागावण्याचा बराच प्रयत्न केला. त्यांच्या इंग्रजीने माझी वाट लावली, असं स्वतःला सांगत होते. पण मनाशी मान्य करावं लागलं की आबांना मी इंग्रजीत काही सांगितलं नव्हतं. मराठीत सांगितलं होतं, ‘वजन लिहून ठेवा.’ वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली असती तर वर्ष वाचलं असतं. ती ओळ लिहायला लाल पेन्सिलवाले सर आडवे आले नव्हते. मीच ते गृहीत धरलं होतं. सरांच्या ‘नेहमीच्या अर्था’ला मी हसत होते, आणि माझ्या वहीत तेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “तुम्ही फार खोलात जाता.”

“परीक्षकांनी विचारलंय तेवढंच सांगतेय.”

“मग लिहा ना, वजनं प्रचलित पद्धतीने घेण्यात आली. यात चूक काय आहे?”

ते इंग्रजी वाक्य त्यांनी लगेच कागदावर लिहूनही दिलं. ‘अ‍ॅज पर द प्रिव्हेलिंग प्रॅक्टिस’. अक्षर वळणदार. चूक खरंच काही नव्हती. फैजपूरला प्रचलित पद्धत आबांची, कॉलेजात प्रचलित पद्धत माझी. एकाच वाक्यात दोन्ही बसत होत्या, आणि सव्वातीन पानांचा चुनाही जागच्या जागी राहत होता.

“पण सर, यावरून वाचणाऱ्याला काय कळणार?”

“शास्त्रीय लेखनात सगळं उघडं करून सांगायचं नसतं बाई. थोडं वाचणाऱ्यावर सोडायचं.”

खरं सांगायचं तर मी ते वाक्य घेतलं. टायपिस्टकडे जाऊन ते पान पुन्हा टाइपही करून आणलं. तीन महिन्यांतले दोन आठवडे गेले होते, आणि मला धुळ्याला जायचं होतं, दर शनिवारी नव्हे, कायमचं. त्या शनिवारी ते पान माझ्या पिशवीत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला दाखवलं. तो गणिताचा माणूस, केळीत त्याला रस नाही. सूत्राची ओळ त्याने नीट वाचली, खालचं वाक्य वाचलं.

“प्रचलित पद्धत म्हणजे काय?”

“आहे एक पद्धत.”

“कोणती?”

मी सांगितली. म्हणजे दोन्ही सांगितल्या. तो म्हणाला, “मग हे दोन्ही एकाच आकड्यात कसे घातले? माझ्या वर्गातल्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.”

“तू परीक्षक नाहीस.”

“नाही. पण परीक्षक हेच विचारेल, आणि आणखी एकदा परत पाठवेल.”

कोपऱ्यात सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या अहिराणीत म्हणाल्या, “कितलं लिखस वं तू? त्या केयास्ले तरी समजस का?” त्या केळ्यांना तरी समजतं का! मुली खिदळल्या. मी ते पान पिशवीत परत ठेवलं आणि ते पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

मोठा प्रामाणिकपणा केला असं कुणाला वाटायला नको. नवऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, एवढंच. आठ ओळींत चार प्रश्न विचारणारा माणूस पाचवा विचारल्याशिवाय राहणार नव्हता. मला आणखी एक वर्ष परवडत नव्हतं. ते टाळायचं तर फैजपूरचे घड नव्याने मोजायचे, नव्याने तोलायचे, आणि तेही बागेत तोड चालू होती तोवर. मी उरलेल्या सगळ्या रजा एकदम टाकल्या. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी कारण विचारलं. केळी तोलायची आहेत, असं मी अर्जात स्पष्ट लिहिलं होतं.

एप्रिलमधलं खानदेशचं ऊन मी वर्णन करणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बागेत निदान सावली होती. अडचण उन्हाची नव्हती, आबांची होती. काट्यावर घड चढला, दांडी समतोल झाली, की ते वजनांकडे बघत आणि तोंडाने दांडा सोडूनचाच आकडा बाहेर पडे. त्यांना दुसरा आकडा येतच नव्हता.

“तेरा.”

“आबा, पारड्यात चौदा आहेत.”

“चौदा हायेतच. वजन तेरा.”

“काट्यावर दिसतं तेच सांगा ना.”

“ते कोन्ही इचारत नही, बाई.”

“मी विचारतेय.”

“बरं, चौदा,” असं ते नाइलाजाने म्हणत, आणि पुढच्या घडाला पुन्हा वजा करून सांगत. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना नुसतं तोलायला सांगितलं. पारड्यातली वजनं मी स्वतः मोजून मांडू लागले. तरी आबा आपला आकडा शेजारून सांगतच. तोही मी दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवला, केवळ त्यांचं तोंड गप्प राहत नव्हतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा मुनीम येऊन उभा राहिला. स्वच्छ धोतर, काळी टोपी. बराच वेळ माझ्या वहीकडे बघत होता. तो गेल्यावर आबा हळूच म्हणाले, “मुनीम इचारत व्हता, बाई सरकारच्या हायेत का?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“म्हनलं, नही. बाई शिकून राहिल्या.”

मला राग यायला हवा होता, पण ते खरंच होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. तोडणारे मजूर दांडा वाटेल तिथून कापत होते. एकजण पहिल्या फणीला लागून, दुसरा हातभर वरून. म्हणजे ‘दांड्यासकट’ हा शब्दही पुरेसा नव्हता. मी कॉलेजच्या मळ्यात कापत असे त्याच मापाने, पहिल्या फणीच्या वर वीस सेंटिमीटरवर, कोळशाने खूण करायला लागले आणि तिथेच कापून घ्यायला लागले. मजूर कंटाळले. मीही कंटाळले होते. एका साध्या वाक्यात जाणारी प्रत्येक गोष्ट अशी अंगावर येऊन पडत होती. आणि ती आधी कधीच लिहिली नसल्यामुळे ती आहे हेच मला कळलं नव्हतं.

घरी येऊन आकडे मांडले. नव्या वजनांनी फैजपूरचे घड सूत्राशी जुळले. कॉलेजच्या मळ्यातलेही जुळत होतेच. तिथे सगळे घड मीच एका मापाने कापले होते. चुना गेला.

मग मी ते पान लिहिलं. इंग्रजीतच, पण मराठीत कुणाला सांगतो तसं. आधी काय मोजलं ते: केळ कोणतं, कुठल्या फणीतलं, लांबी कुठून कुठे, घेर कुठे, टेप कशाची. मग प्रत्येक अक्षर एका ओळीवर, त्याच्यापुढे त्याचा अर्थ आणि त्याचं माप. मग सूत्र. मग वजनाबद्दल: घड तोडल्याबरोबर बागेतच तोलला, दांडा पहिल्या फणीच्या वर वीस सेंटिमीटर ठेवून, दांड्यासकट, वजनं लेखिकेने स्वतः मोजली. शेवटी एका घडाचं उदाहरण, सगळे आकडे घालून, गुणाकार करून दाखवलेला. वाक्यं लहान होती. शिंपी परत आला होता. सगळं मिळून एक पानही भरलं नाही. टायपिस्टने ते वाचलं, वाचलं म्हणजे टाइप करता करता त्याच्या डोळ्यांखालून गेलं, आणि म्हणाला, “ताई, या खेपेला मलाही थोडं कळलं.”

सरांना मात्र ते पान आवडलं नाही.

“हे शाळेतल्या मुलीने लिहिल्यासारखं वाटतं.”

“पण बरोबर आहे ना?”

“बरोबर असेल. आणि चुन्याचा भाग?”

“काढला सर. फरकच राहिला नाही.”

ते पानं उलटत राहिले. सव्वातीन पानांच्या जागी आता चार ओळी होत्या. “मग यात नवीन काय राहिलं?”

“सूत्र दोन्हीकडे चालतं, एवढं राहिलं.”

“हा निष्कर्ष नव्हे. ही सोय झाली.”

त्यांनी सही करायला नकार दिला नाही. तसं केलं असतं तर मी भांडले असते, विद्यापीठापर्यंत गेले असते. ते म्हणाले, “वाचून देतो.” एप्रिलचा शेवट होता. आठवड्याने विचारलं, वाचतो आहे. दहा दिवसांनी विचारलं, दोन-तीन ठिकाणी शंका आहेत. मग उन्हाळ्याची सुटी लागली आणि सर गावी गेले, आणि माझ्या प्रबंधाची ती प्रत त्यांच्या पेटीतून त्यांच्याबरोबर सुटीवर गेली. मी दोन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं: प्रकृती बरी नाही, आल्यावर बोलू. उरलेल्या चार प्रती माझ्याकडे तयार पडल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही सही नव्हती.

त्यांनी सही केली ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, एक अक्षर न बदलता. देवपुरातली मुलाखत त्याआधी दहा दिवस झाली होती.

मुलाखतीला मी गेले. न जाण्यात काय अर्थ होता? टेबलापलीकडे प्राचार्य, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, आणि संस्थेचे एक विश्वस्त, स्वतः केळीचे मोठे बागाईतदार. प्राचार्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पदवी झाली?”

“नाही. प्रबंध दुरुस्त करून तयार आहे. मार्गदर्शकांची सही व्हायची आहे.”

त्यांनी तज्ज्ञांकडे बघून खांदे उडवल्यासारखं केलं. तज्ज्ञांनी उपचार म्हणून संशोधनाबद्दल विचारलं. मी त्या पानावर होतं तसंच सांगितलं. काय मोजायचं, कुठे मोजायचं, कशाने गुणायचं. पहिल्या वहीचं काय झालं तेही सांगितलं, कारण त्याशिवाय उशीर का झाला ते कळलं नसतं.

आतापर्यंत पंख्याकडे बघत बसलेले विश्वस्त एकदम सरसावून बसले. “थांबा, थांबा. मापाडी दांड्याचं किती धरतो आणि खरं वजन किती, हे दोन्ही आहे तुमच्याजवळ?”

“आहे. पण ते प्रबंधात नाही.”

“का नाही?”

“प्रबंधाचा विषय तो नव्हता.”

“अहो, तेच तर कामाचं आहे! बाकी ते सूत्रबित्र राहू द्या.” ते प्राचार्यांकडे वळले. “बघा, दर घडामागे आम्हाला नजरेने कापतात आणि आजपर्यंत कुणी मोजलं नाही.” मग मला म्हणाले, “ते लिहून पाठवा मला. मराठीत पाठवा.”

तज्ज्ञ हसले. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. जागा दुसऱ्या एका उमेदवाराला दिली गेली, पदवी हातात असलेल्या. त्यात कुणाचा अन्याय नव्हता. मला तिथली जागा पुढे मिळाली, दोन वर्षांनी, दुसरी निघाली तेव्हा. प्रबंध ऑक्टोबरात मंजूर झाला. तोंडी परीक्षेत त्या परीक्षकांनी इतर पुष्कळ विचारलं. त्या पानावर एकही प्रश्न विचारला नाही.

पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. मुलाखत संपवून मी बाहेर आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घर तिथून चालत दहा मिनिटांवर. रस्ताभर मी मनात सरांना उद्देशून एक चांगलं लांबलचक इंग्रजी वाक्य जुळवत होते, ‘इट इज इंटरेस्टिंग टू नोट दॅट’ पासून सुरू होणारं, आणि ते काही पुरं होत नव्हतं. दारात सासूबाई उभ्या होत्या.

“भेटनी का वं नोकरी?”

“नाही.”

त्यांनी माझ्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि खुंटीला लावली. “मंग जेवाले बस,” म्हणाल्या.